'इक्वॅनिमिटी'ला मराठीत काय म्हणाल? समत्व, स्थितप्रज्ञता, की नुसतं 'थंड घे'?

ओवरी

नमस्कार मंडळी,

एका लहानशा कामात अडकलेय, म्हणून हा धागा. रुग्णालयातल्या परिचारिकांसाठीची एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणतेय. चाळीस पानं आहेत, त्यातली अडतीस झाली. उरलेल्या दोन पानांवर एकच शब्द ठाण मांडून बसलाय : इक्वॅनिमिटी. आशय असा, की पेशंट बरा होवो न होवो, नातेवाईक पाया पडोत की अंगावर धावून येवोत, मनाचा तोल ढळू द्यायचा नाही. पण म्हणून माया आटू द्यायची नाही. दोन्ही एकदम.

आधी 'समत्व' लिहिलं. कच्चा खर्डा दोन सिस्टरांना वाचायला दिला. एकीनं विचारलं, "म्हणजे सगळ्या पेशंटना सारखं वागवायचं ना? ते तर करतोच की." मग 'स्थितप्रज्ञता' करून पाहिलं. दुसरी म्हणाली, "ताई, हे वॉर्डात लावाल तर लोक खाली उदबत्ती लावतील."

'निर्विकार' म्हटलं की दगडी चेहऱ्याची सिस्टर डोळ्यासमोर येते. 'तटस्थ' म्हणजे क्रिकेटचा पंच. 'अलिप्त' म्हणजे आपल्याला काय त्याचं! 'संयम' जवळ जातो, पण त्यात दात-ओठ आवळलेले दिसतात, आत काहीतरी उकळतंय आणि वर झाकण दाबून धरलंय असं.

शांतपणाला आपल्याकडे शब्द रग्गड आहेत, पण हवा तो हाताला लागत नाही. संस्कृत चालेल, बोलीतला चालेल. अट एकच : रातपाळीत पहाटे चार वाजता वाचणारीला कळला पाहिजे.

चहाटळ

'थंड घे.' विषय संपला. मानधनातला अर्धा वाटा माझा.

मिशीवाला मास्तर

ओवरीताई, 'समत्व' इतक्या लवकर सोडू नका. गीतेत 'समत्वं योग उच्यते' दुसऱ्या अध्यायात येतं, अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात. लगेच चोपन्नाव्यात अर्जुन विचारतो, 'स्थितप्रज्ञस्य का भाषा'. पुढचा भाग लोक विसरतात : 'किं प्रभाषेत किमासीत व्रजेत किम्'. हा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? अर्जुनाला व्याख्या नको होती, ओळखायची खूण हवी होती. तुमच्या सिस्टरही तेच मागतायत.

आणि हा उपदेश निवृत्त होऊन बागेत फिरायला जाणाऱ्याला केलेला नाही. समोर सैन्य उभं आहे, धनुष्य हातातून गळतंय, अशा माणसाला केलाय. आयसीयूला याहून जवळचं काय असणार?

वऱ्हाडी ठेचा

मास्तर, अर्जुनाले अठरा अध्याय लागले न बावा समजायले. सिस्टरले हँडओव्हर द्याचा असते दहा मिनिटात.

बाराखडी

छान धागा. माझा आवडता विषय असल्यामुळे जरा पसरट लिहिणार, आधीच माफी.

तुम्हाला हवा असलेला नेमका शब्द आपल्याकडे होता, आपणच त्याची वाट लावली : उपेक्षा. हसू नका. उप + ईक्ष्, म्हणजे जवळून पाहणं. पतंजलीच्या योगसूत्रांत (1.33) मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशी चौकडी आहे, चित्त प्रसन्न होण्यासाठी. बौद्ध परंपरेत हेच चार ब्रह्मविहार : मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. तिथे उपेक्खा म्हणजे ओढही नाही, तिटकाराही नाही, अशी नजर. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात तर प्रत्येक गुणाचे दोन शत्रू सांगितलेत, एक लांबचा, एक जवळचा. उपेक्खेचे लांबचे शत्रू आसक्ती आणि द्वेष. जवळचा शत्रू, म्हणजे जो तिच्यासारखाच दिसतो म्हणून जास्त घातक, तो अजाणपणातून आलेला बेफिकीरपणा.

आता मराठीत बघा. 'म्हाताऱ्या आईबापांची उपेक्षा', 'साहित्यिकाची उपेक्षा'. म्हणजे जवळच्या शत्रूनं घरच बळकावलं!

तीच गत 'उदासीन'ची. उद् + आसीन, जरा वर बसलेला. गीतेच्या चौदाव्या अध्यायात 'उदासीनवदासीनो' ही गुणातीताची खूण आहे. आपल्याकडे 'मतदार उदासीन', 'प्रशासन उदासीन'. 'उदास' तर थेट रडवेला झाला. पण तुकोबांच्या 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' मधला उदास रडवेला नाही. खर्च करताना हात आखडत नाही आणि मिरवतही नाही, असा आहे. म्हणजे सतराव्या शतकापर्यंत हा शब्द धडधाकट होता.

थोडक्यात, मन वर उचलून धरणारे शब्द आपल्याकडे एकेक करून घसरत 'मला काय त्याचं'पाशी येऊन थांबतात. असं का व्हावं, हा खरा प्रश्न आहे.

टिंबटिंब

कारण 'मी अलिप्त आहे' असं सांगणारी नव्वद टक्के माणसं खरोखरच कामचुकार असतात. भाषा अनुभवावरून शिकते.

चहाटळ

टिंबटिंब, आमच्या साहेबांना ओळखता का तुम्ही?

संत्रानगरी

बाराखडी, अभ्यासपूर्ण प्रतिसाद, पण एका वाक्याला हरकत. 'आपणच वाट लावली' यातले 'आपण' कोण? आमच्याकडे विहारात दहा पारमिता (अंगी बाणवायचे गुण) लहानपणी पाठ होतात, त्यात उपेक्षा आहे आणि तिचा अर्थ कुणी 'दुर्लक्ष' असा करत नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये (मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 चा) ती समजावतानाच त्यांनी बेपर्वाईपासून वेगळी काढली आहे. फळानं विचलित व्हायचं नाही, पण फळासाठीचा प्रयत्न चालूच ठेवायचा, असा त्यांचा आशय आहे. ओवरींच्या 'दोन्ही एकदम'ला याहून जवळचं काही मला माहीत नाही.

शब्द मेला असेल तर तुमच्या अंगणात मेला असेल. आमच्या अंगणात तो दर पौर्णिमेला येतो.

आणि सिस्टरनं 'समत्व'चा अर्थ 'सगळ्यांना सारखं वागवणं' असा काढला, यात नवल ते काय? महाराष्ट्रात सम म्हटलं की समताच आठवणार. 'समता' नावाचं पाक्षिक बाबासाहेबांच्या प्रेरणेनं 1928 मध्ये निघालं. त्यानंतर संविधानाची उद्देशिका शाळेत रोज म्हटली जाते. त्या शब्दाला काम मिळालंय, तो आता ध्यानाला बसायला मोकळा नाही.

बाराखडी

मान्य. 'आपण' लिहिताना माझ्या डोळ्यासमोर वर्तमानपत्रातली मराठी होती, तेवढीच मराठी नाही हे विसरलो. पारमितांची आठवण दिल्याबद्दल आभार.

पेडण्याचा पावलू

गोंयकाराचे दोन पैसे. आमच्याकडचा 'सुशेगाद' पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला, अर्थ शांत, निवांत. पर्यटन खात्यानं आणि टी-शर्टवाल्यांनी मिळून त्याचा अर्थ 'आळशी' करून टाकला. माझा बापूय पहाटे तीनला मासळीला जायचा, अकराला घरी येऊन जेवून पडायचा. अकरा नंतरचाच त्याला बघितलेले लोक म्हणायचे, कसो सुशेगाद मनीस! पहाटे तीनचा फोटो कोणी काढलाच नाही.

ओवरीबाय, हा शब्द वापरू नकात, सिस्टर खुर्चीत झोपल्यात असं चित्र येईल. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

अंगणवेल

शब्द सुचत नाहीये, पण एक प्रसंग सांगते.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. मी सातवीत असेन. मार्चचा महिना, घडांत साखर उतरलेली, व्यापाऱ्याशी भाव ठरला होता, दोन दिवसांनी काढणी. रात्री गारा झाल्या. पत्र्यावर आवाज एवढा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. वीसेक मिनिटं चाललं असेल. सकाळी आजोबा एकटेच बागेत गेले. मी मागोमाग गेले, लांबूनच बघत. मंडपाखाली मणी पडून चिखलाचा नुसता रबडा झालेला, वास आंबूस गोड. ते एका ओळीत शिरले, टोकापर्यंत गेले, दुसऱ्या ओळीतून परत आले. अशा सगळ्या ओळी. कुठे हात लावला नाही. घरी येऊन पाय धुतले आणि काकाला म्हणाले, "गाय हंबरतेय, ऐकू येत नाही का? धार काढ."

गावात सगळे म्हणायचे, अण्णा म्हणजे स्थितप्रज्ञ माणूस. मला ते वाक्य अजून आठवतं. गाईचं.

ओवरी

अंगणवेल, अंगावर काटा आला.

टिंबटिंब

प्रसंग सुंदर लिहिलाय, पण एक शंका, राग मानू नका. हा समतोल की बधिरपणा? मोठा धक्का बसला की माणूस असाच यंत्रासारखा रोजचं काम करतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

अंगणवेल

राग कसला. आजीला एकदा हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "कसला थितप्रज्ञ! तीन दिवस ताटावर बसून उठत होते. चौथ्या दिवशी स्वतःहून भाकरी मागितली, तेव्हा माझा जीव खाली पडला."

तेव्हा तुमची शंका खरी असेल. पण गाय त्या तीन दिवसांतही वेळेवर पिळली गेली. त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

मिशीवाला मास्तर

कालिदासानं कुमारसंभवात म्हटलंय : 'विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः'. बिघडायचं कारण समोर हजर असतानाही ज्यांचं चित्त बिघडत नाही, तेच धीर. कारणच नसताना शांत राहणं सोपं. तुमच्या अण्णांसमोर कारण पायाखाली पडलेलं होतं.

ओवरीताई, 'धीर' कसा वाटतो? धीर धरणं, धीर देणं, धीर खचणं, सगळं बोलीत आहे.

ओवरी

मास्तर, 'धीर' मलाही आवडला. पण वॉर्डात धीर पेशंटला 'द्यायचा' असतो. स्वतःकडे 'असायचा' म्हटलं की लगेच 'धाडस' होतं. यादीत ठेवते.

सांजवात

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

एक शब्द कुणीच घेतला नाही. सोशिक.

पुरुष संकटात शांत राहिला तर तो स्थितप्रज्ञ, धीरोदात्त, खंबीर. बाई शांत राहिली तर सोशिक. फार तर 'गरीब स्वभावाची' किंवा 'समजूतदार'. मला लग्नाआधी सासूबाईंनी बघितलं तेव्हा मध्यस्थानं माझं कौतुक काय केलं, तर "मुलगी शांत आहे". याचा अर्थ मन समतोल आहे असा नव्हता. उलट बोलणार नाही, असा होता. बावीस वर्षं झाली, त्या मध्यस्थाचा अंदाज चुकला एवढंच सांगते.

आता ही पुस्तिका कुणासाठी आहे? परिचारिकांसाठी. डबल ड्युटी, नातेवाईकांच्या शिव्या, सुट्टी नामंजूर, आणि वर छापील पुस्तिकेत 'मनाचा तोल ढळू देऊ नका'. ओवरी, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण शब्द निवडताना तो शब्द मॅनेजमेंटच्या तोंडी कसा वाजेल, हेही ऐकून बघा. "सिस्टर, जरा समत्व ठेवा" म्हणजे "गप्प बसा".

ठेका

सांजवात यांच्याशी शंभर टक्के सहमत.

चहाटळ

आमची ही पण फार शांत आहे. आठ दिवसांपासून बोलतच नाहीये.

सांजवात

चहाटळ, मग भांडी कोण घासतंय?

चहाटळ

मीच. अत्यंत समत्वानं.

ठेका

माझेही चार शब्द. 'सम' म्हटलं की आम्हा तबलेवाल्यांना वेगळंच दिसतं. तीनतालात सोळा मात्रा, पहिल्या मात्रेवर सम. गायक मधे कुठेही भटकतो, तिरपे तुकडे घेतो, वाटतं की हा आता चुकला, आणि नेमका 'धा'वर येऊन उतरतो. ऐकणाऱ्यांची मान तिथे आपोआप हलते. म्हणजे आमच्याकडे सम ही सपाट जमीन नाही, परतायची जागा आहे. अंगणवेल यांच्या अण्णांना तीन दिवस लागले. विलंबित आवर्तन होतं, दुसरं काय.

वऱ्हाडी ठेचा

ठेकाभाऊ कोन्त्याबी धाग्यावर तबला आनतेच! मांगच्या वेळी पाणीटंचाईच्या धाग्यातबी झपताल आनला होता. पन आज जमलं बरं.

कोमट पाणी

इथे सगळे नामं शोधतायत : समत्व, उपेक्षा, धैर्य, स्थितप्रज्ञता. मराठी बाई नाम वापरत नाही, क्रियापद वापरते. माझ्या आईचं होतं निवणे. दूध निवलं. डोळे निवले. पोट निवलं. "जरा निवू दे, मग बोल," असं आम्ही भावंडं भांडून गेलो की म्हणायची.

निवणे म्हणजे नुसतं गार होणं नाही. तापलेलं होतं, आता हात लावण्याजोगं झालं. दह्यासाठी दूध निववतो तेव्हा फ्रीजसारखं गार करून चालतं का? करंगळी बुडवायची, ऊब लागली पाहिजे पण चटका बसता कामा नये. फार गरम असेल तर विरजण मरतं, फार गार असेल तर दही धरतच नाही. ओवरींना हवं ते मन मला असं कोमट वाटतं. (नावाची जाहिरात नव्हे.)

बाराखडी

वा! आणि यातली मेख अशी, की निवणे हे क्रियापद 'निर्वा'पासून आलेलं. त्याच धातूचं मोठं भावंड म्हणजे 'निर्वाण' : विझणं, निवणं. थोरला संन्यासी झाला, धाकटी स्वयंपाकघरात दूध निववत राहिली.

अंगणवेल

बाराखडी, हे माहीत नव्हतं. आता दूध निववताना हसू येणार.

पेडण्याचा पावलू

विषय निघालाच आहे म्हणून. पावसात दही लवकर आंबतं त्याला उपाय सांगा कोणीतरी.

टिंबटिंब

विरजण कमी घाला. आणि लागल्या लागल्या फ्रीजमध्ये.

सांजवात

आमच्याकडे उलट, पुण्याच्या थंडीत लागतच नाही. मी पातेलं कणकेच्या डब्यात खुपसून ठेवते.

वऱ्हाडी ठेचा

हिरवी मिरची देठासकट टाकाची दुधात. विरजण नसलं तरी दही लागते.

चहाटळ

देठासकट? म्हणजे मिरचीला समत्व असतं का?

मिशीवाला मास्तर

आमच्या मातुःश्री मातीच्या भांड्यात लावत. माती जादाचं पाणी शोषते, दही घट्ट होतं. स्टीलमध्ये ती मजा नाही.

ओवरी

अहो मंडळी! धागा दह्यात गेला. मी एवढी स्थितप्रज्ञ नाही :-)

डॉ. खडीसाखर

धागा परत दवाखान्यात आणतो. वैद्यकीय शिक्षणात हा शब्द जुना आहे. विल्यम ऑस्लर यांनी 1889 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदवी घेऊन निघालेल्या डॉक्टरांपुढे जे भाषण केलं, त्याचं नावच 'इक्वॅनिमिटास'. रोमन सम्राट अँटोनायनस पायस मरणशय्येवर असताना पहाऱ्याचा परवलीचा शब्द विचारायला अधिकारी आला, तेव्हा त्यानं हाच शब्द दिला अशी कथा आहे, तिथून ते शीर्षक.

ऑस्लर दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक शरीराची : चेहरा, हात, आवाज हलू न देणं. ही बरीचशी जन्मजात, थोडी सरावाची. दुसरी मनाची. माझ्या अनुभवात पहिली शिकवता येते. दुसरी येते की नाही सांगता येत नाही. इंटर्न असताना मला वाटायचं की सरांचं मन फार शांत आहे. पुढे कळलं, सरांना अल्सर होता.

सांजवात यांचा मुद्दा पटला, आणि ऑस्लरवरही तीच टीका होते. डॉक्टरनं दगड व्हावं, असा त्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या काढला गेला.

रातपाळी

मी पहिल्यांदाच लिहितेय, वाचनमात्र होते. मी स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं, त्यातली सहा आयसीयूत. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी, काय लिहू नका ते सांगते.

'शांत' लिहू नका. आमच्याकडे पेशंट शांत झाला म्हणजे गेला. नातेवाईकांना आम्ही तसंच सांगतो. शिवाय ड्युटीवर कुणी "आज वॉर्ड शांत आहे" म्हटलं तर बाकीच्या अंगावर येतात, कारण मग हमखास दोन ॲडमिशन एकदम येतात. तो शब्द आम्ही तोंडातच आणत नाही.

'थंड' लिहू नका. हातपाय थंड म्हणजे बीपी पडलं. 'गार पडला' तर बोलायलाच नको. चहाटळदादा, तुमचं 'थंड घे' म्हणून बाद. 'निवणे' मला फार आवडलं, माझी आजीपण म्हणायची, पण आमच्या वॉर्डात तेही ताप उतरण्यापलीकडे जाऊ नये असंच वाटतं.

आता तो गुण कसा दिसतो ते सांगते. आमच्या एक इनचार्ज सिस्टर होत्या. एरवी त्यांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचा. चादर का बदलली नाही, ट्रॉली कुणी हलवली, सारखा आरडाओरडा. नवीन मुली घाबरायच्या. पण पेशंट कोलमडला की त्यांचा आवाज खाली यायचा. अगदी घरात कुणी झोपलंय आणि आपण बोलतो तसा. आम्हाला मॉनिटर बघायची गरज पडायची नाही, सिस्टरांचा आवाज बारीक झाला की कळायचं, सिरियस आहे. "तू छाती दाब. तू मोज. तू ॲम्ब्यू धर. तू दार बघ." (ॲम्ब्यू म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी.) प्रत्येकीला एकच काम. तीस दाबायचे, दोन श्वास, परत तीस. मोजणारीनं मोठ्यानं मोजायचं. त्या मोजण्यामुळेच आमचं डोकं ठिकाणावर राहायचं, मनबिन शांत झाल्यामुळे नाही.

एकदा एक विशीतला मुलगा गेला. चाळीस मिनिटं केलं, नाही आला. सिस्टरांनी त्याचे डोळे मिटले, नळ्या काढल्या, तोंड पुसलं, केस नीट केले, मग आईला आत घेतलं. आई त्यांच्या अंगावर धावून गेली, अक्षरशः युनिफॉर्म ओढला, बटण तुटलं. त्या हलल्या नाहीत, हातपण धरले नाहीत तिचे. ती दमेपर्यंत उभ्या राहिल्या, मग तिला स्टूल दिलं. नंतर पॅन्ट्रीत जाऊन त्या खूप रडल्या, मी चहा घेऊन गेले होते म्हणून मला माहीत आहे. रडून झाल्यावर सेफ्टी पिन मागितली, बटणाच्या जागी लावली आणि दुसऱ्या बेडचं सक्शन करायला गेल्या.

आम्ही याला समत्व वगैरे नाही म्हणत. आम्ही म्हणतो, सिस्टरांचं डोकं जाग्यावर आहे. नवीन मुलीला पण हेच सांगतो, "डोकं जाग्यावर ठेव, बाकी होतंय."

सांजवातताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. सुट्टी नाकारताना आम्हाला जे शांत राहायला सांगतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. त्या सिस्टर सुट्टीसाठी भांडायच्या. आमच्यासाठी पण.

टिंबटिंब

मी वर 'समतोल की बधिरपणा' विचारलं होतं. रातपाळी, तुमच्या त्या पॅन्ट्रीत मला उत्तर मिळालं. धन्यवाद.

सांजवात

रातपाळी, लिहीत राहा हो.

डॉ. खडीसाखर

आवाज खाली येण्याचं निरीक्षण लाखमोलाचं. भूलतज्ज्ञांतही हे पाहिलंय. सगळ्यांत जास्त ओरडणारा सहसा सगळ्यांत जास्त घाबरलेला असतो.

मिशीवाला मास्तर

'किं प्रभाषेत, किमासीत, व्रजेत किम्'. अर्जुनाच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका प्रतिसादात. मी 'समत्व' मागे घेतो.

संत्रानगरी

मास्तर, मागे कशाला घेता? दोन्ही राहू द्या. फक्त अर्थ रातपाळी यांच्याकडून छापून घ्या.

ओवरी

दोन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. पुस्तिका छपाईला गेली.

शेवटच्या भागाचं शीर्षक 'डोकं जाग्यावर' असं दिलंय. तपासणाऱ्या समितीनं 'हे फार बोलीतलं वाटतं' म्हणून आक्षेप घेतला. बरीच वादावादी झाली, मी तरी डोकं फारसं जाग्यावर ठेवलं नाही. शेवटी तडजोड : शीर्षक तेच, खाली बारीक अक्षरात 'समत्व'. सांजवात यांच्या प्रतिसादानंतर एक परिच्छेदही घातला, की हा गुण कामाच्या क्षणासाठी आहे, तक्रार न करण्यासाठी नाही. तो परिच्छेद समितीनं कापला. मी परत घातला. परत कापला. आता पाठवलेल्या प्रतीत आहे, छापून आल्यावर बघू.

रातपाळी, तुमच्या परवानगीनं आवाज खाली येण्याची खूण घेतली आहे, नाव-गाव काढून. सेफ्टी पिन नाही घेतली. ती तुमची.

रातपाळी

चालेल ताई. छापून आली की आमच्या वॉर्डाला पाच प्रती पाठवा.

चहाटळ

सगळं ठीक आहे, पण पावलूचं दही लागलं का?

पेडण्याचा पावलू

लागलं. मिरचीच्या देठानं. थोडं तिखट आहे.